पळणाऱ्याचा चेहरा

१

सुलेखाकाकूंचा पासपोर्ट गेला तो पाडव्याच्या पिकनिकला, आणि तोही श्रीखंडाचं पातेलं रिकामं व्हायच्या आत.

पिकनिकला कोणी पासपोर्ट नेतं का, असं तुम्ही विचाराल. पण काकू न्यूझीलंडला निघाल्या तेव्हा साताऱ्याच्या थोरल्या भावाने बजावलं होतं, की परदेशात बाकी काही हरवलं तरी चालेल, पासपोर्ट मात्र जिवापाड जपायचा. तेव्हापासून तो खणाच्या एका पिशवीत घालून त्यांच्या गळ्यात असायचा, अगदी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जातानासुद्धा. इथलं सगळं मराठी मंडळ त्यांना त्यावरून चिडवायचं. त्या दिवशी वाढताना पिशवी श्रीखंडात बुडायला लागली, म्हणून त्यांनी ती काढून खुर्चीच्या पाठीला अडकवली. तेवढ्यात मुलांच्या सायकलींची शर्यत सुटली आणि सगळे शेवटच्या रेषेकडे धावले. परत येऊन बघतात तर खुर्ची होती, पिशवी नव्हती.

गुरुवारी काकूंचं विमान होतं, आणि व्हिसाही त्याच आठवड्यात संपत होता.

पापाटोएटोच्या त्या पार्कातलं गवत लोकांनी अक्षरशः विंचरून काढलं. चटया झटकल्या, डबे उपसले. धैर्यशील इनामदार मात्र गवतात शिरला नाही. तो आपला कॅमेरा चाळत बसला होता.

धैर्यशील हा मंडळाचा हौशी फोटोग्राफर. नोकरी आयटीतली, जीव मात्र कॅमेऱ्यात. गेला उन्हाळाभर त्याने एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, पॅनिंगचा. म्हणजे पळणारं माणूस लख्ख स्पष्ट आणि मागचं सगळं जग फरफटत गेलेलं, असा फोटो. त्यासाठी तो मैदानाच्या पलीकडे एकटाच उभा राहिला होता आणि पुढून जाणाऱ्या आपल्या लेकीवर, ऋग्वेदावर, त्याने धडाधड फोटो मारले होते. त्यातला एकच जमला होता, पण असा जमला होता की मासिकात छापावा. हेल्मेटखालच्या बटा मोजून घ्याव्यात इतकी ऋग्वेदा स्पष्ट होती, आणि मागची झाडं, टेबलं, माणसं यांचे नुसते आडवे रंगीत फराटे झाले होते.

त्या फराट्यांत एकच चेहरा ओळखू येत होता. इंद्रनीलचा. तो वाकलेला होता, उजवा हात पुढे होता, आणि हाताच्या पुढ्यातच ती खुर्च्यांची रांग होती.

"हातच्या कंकणाला आरसा कशाला," धैर्यशील म्हणाला, आणि कॅमेरा घेऊन सरळ सगळ्यांच्या मधे आला. "इंद्रनील, काकूंची पिशवी काढ."

इंद्रनील एकटाच राहणारा मुलगा. नर्सिंग शिकून आलेला, इथल्या रजिस्ट्रेशनची वाट बघत एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरगिव्हरचं काम करणारा. पिकनिकला खुर्च्या लावायला तोच, उचलायलाही तोच. तो आधी हसला, थट्टा चाललीय असं वाटून. मग त्याचं हसू मावळलं.

"दादा, मी पळत होतो. मागच्या छोटीची सायकल डगमगायला लागली, तिला धरायला."

"फोटोत तर तू टेबलाशी दिसतोस."

फोटो हातोहात फिरला. इंद्रनीलने स्वतःच खिसे उलटे करून दाखवले, सॅक ओतून दाखवली. काही निघालं नाही. "दिली असेल कोणाकडे," मागून कोणीतरी म्हणालं. ती छोटी हॅमिल्टनहून आलेल्या पाहुण्यांची, आणि ते लोक लांबचा रस्ता म्हणून शर्यत संपताच निघून गेले होते. त्यांना फोन करावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं तरी कोणी बोललं नाही.

घरी येताना धैर्यशीलची आई प्रमोदिनी गाडीत मागे गप्प बसून होती. धैर्यशीलला वाटलं, मैत्रिणीसाठी जीव तुटतोय. त्याने फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, सावध राहा. संध्याकाळपर्यंत त्याला शाबासकीचे एवढे अंगठे आले की त्याचा ऊर भरून आला.

मंगळवारी कळलं, की रेस्ट होमने इंद्रनीलला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत.

२

त्याच दुपारी राजाराम देवधर दारात उभे राहिले. हे सांगलीचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले सर्व्हेअर. जन्मभर ठोकलेले ट्रक आणि जळालेली गोदामं बघून खरं नुकसान कोणतं आणि बनाव कोणता ते ठरवायचं काम केलेलं. सध्या मुलीकडे मुक्काम. सुलेखाकाकू, प्रमोदिनीबाई आणि ते, असं तिघांचं रोज सकाळी पार्कातल्या बाकावर बसणं असायचं.

"धैर्यशीलराव, सुलेखाताईंनी मला यात लक्ष घालायला सांगितलंय. पण मला गाडी येत नाही, आणि मुलगी कामावर. तुम्ही घरून काम करता ना? चला जरा."

चोर आपणच पकडलेला, त्यामुळे नाही म्हणायचं कारण नव्हतं. धैर्यशीलने गाडी काढली.

आधी गेले ते सुलेखाकाकूंकडे. सून प्राची दिवसपाळी आणि कडेवरचं बाळ यांच्यामधे पिळून निघालेली होती. राजारामकाकांनी चहा मागितला, बाळाचे गालगुच्चे घेतले आणि मग विचारलं, "प्राची, खरं सांग. सासूबाई जायला नको होत्या ना तुला?"

"नकोच होत्या," प्राची म्हणाली. "बाळाला बहुतेक वेळ त्याच सांभाळतात. पण त्यांचे गुडघे या थंडीत राहत नाहीत, काका. तिकीट मीच काढलंय. आणि शर्यतीच्या वेळी शेवटच्या रेषेची फीत माझ्या हातात होती, दुसरं टोक ममताताईंकडे. विचारा कोणालाही."

"इंद्रनीलचं रेस्ट होममध्ये कोणी सांगितलं?"

प्राचीने मान खाली घातली. ती तिथेच नर्स होती. "मी. तो तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत एकटा जातो. धैर्यशीलदादांनी फोटोच टाकला म्हटल्यावर मी गप्प कशी बसू? मॅनेजरने शुक्रवारी मीटिंग ठेवलीय. तिने तसा शेरा मारला तर त्याचं रजिस्ट्रेशन गेलंच म्हणायचं."

सुलेखाकाकू सोफ्यावर गुडघे चोळत बसल्या होत्या. राजारामकाकांनी विचारलं, "पिशवीत पासपोर्टाखेरीज काय होतं?"

"काही नाही हो. आणि नाही ते सगळ्यांनाच माहीत. चिडवतात ना मला, काकूंच्या गळ्यात सरकार म्हणून."

बाहेर आल्यावर काका गाडीत बसले, पण पट्टा न लावता तसेच थांबले. "गंमत बघा. बाजूच्याच खुर्चीवर तीन पर्सेस उघड्या पडल्या होत्या, त्यांना कोणी हात लावला नाही. म्हणजे चोराला पैसा नको होता, पासपोर्टच हवा होता. सत्तरीच्या बाईच्या पासपोर्टाचं कोणी काय करणार? काही नाही. तो नसला की काय होतं, एवढंच बघायचं."

"काय होतं?"

"त्या जात नाहीत," काका म्हणाले.

इंद्रनीलची खोली ओटाहुहूला, स्टेशनच्या मागे. धैर्यशील गाडीतच बसणार होता, पण काकांनी त्याच्या बाजूचं दार उघडून धरलं. खोलीत दाराच्या मागे इस्त्री केलेला युनिफॉर्म टांगलेला होता. इंद्रनीलने धैर्यशीलकडे बघितलं नाही आणि आवाजही चढवला नाही. त्याने दोघांनाही पाणी दिलं.

"पळालास तर कोणी बघितलं कसं नाही?" काकांनी विचारलं.

"सगळे फीत कधी तुटते ते बघत होते, काका. छोटी तर सगळ्यात मागे होती."

"पायात काय होतं?"

"जॅन्डल्स, त्या इथल्या रबरी चपला. पळताना एक निसटली. नंतर शोधायला गेलो तर धैर्यशीलदादा…" तो थांबला. "राहू दे. दुसरी घेईन."

परतीच्या वाटेवर धैर्यशील म्हणाला, "नाटकी आहे जरा." सिग्नलला गाडी थांबली तेव्हा काका म्हणाले, "उद्या येतो. मला तुमची ती फोटोची विद्या शिकायचीय."

३

बुधवारी सकाळी धैर्यशीलने खुशीत लॅपटॉप उघडला. आई आत देवाशी होती. विद्या दाखवायला मिळाली की माणूस सैल होतो, आणि धैर्यशील तर मुळातच बोलका.

"साधं असतं, काका. नेहमी शटर पापणी लवायच्या आत मिटतं. पॅनिंगला ते जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात सायकलबरोबर कॅमेरा फिरवायचा. दोघांचा वेग जुळला की सायकल फोटोत जागच्या जागी थांबते. जे जागेवर उभं असतं, त्याचा मात्र फराटा होतो."

"म्हणजे ही झाडं?"

"फराटा."

"खुर्च्या?"

"फराटा."

"आणि उभा माणूस?"

"तोही फरा—"

धैर्यशीलचं बोट पडद्यावर होतं तिथेच राहिलं.

"मग या इंद्रनीलचं तोंड कसं काय दिसतंय?" काकांनी अगदी साळसूदपणे विचारलं. "मी आपला अडाणी म्हणून विचारतो."

धैर्यशीलने चित्र मोठं केलं. चेहरा स्पष्ट, खांदा स्पष्ट, पुढे केलेला हात स्पष्ट. गुडघ्यांखाली मात्र पाय विरघळून गेले होते, कारण शरीर एका वेगाने पुढे जात असलं तरी पाय मागेपुढे होतच असतात. हे त्याने रविवारीही पाहिलं होतं आणि गवत आडवं आलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता त्याला ऋग्वेदाच्या मागच्या चाकाआड आणखी एक इवलंसं चाक दिसलं. तेही स्पष्ट होतं. इंद्रनीलचा हात खुर्चीकडे जात नव्हता, त्या चाकावरच्या सीटकडे जात होता.

तो टेबलाशी उभा असता तर फोटोत त्याचा नुसता डाग असता. ज्याने चोरी केली तो या फोटोत दिसणं शक्यच नव्हतं. दिसला तो फक्त पळणारा. आणि हे सबंध मंडळात कोणाला कळायला हवं होतं, तर एकट्या धैर्यशीलला. बाकीच्यांनी फोटो बघून विश्वास ठेवला, त्यांचं काय चुकलं? त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती त्याने स्वतःच्या हाताने दिली होती, वर कौतुकही करून घेतलं होतं.

"मी हॅमिल्टनला फोन केला होता," काका म्हणाले. "छोटी म्हणते, अंकलनी सीट धरली. पण चार वर्षांच्या पोरीच्या शब्दावर ती मॅनेजर भरवसा ठेवणार नाही. तुमच्या फोटोवर ठेवते."

"मी सांगतो तिला. आजच सांगतो."

"सांगा. पण ती विचारेल, मग घेतला कोणी?" काकांनी चष्मा पुसला आणि बोट फोटोच्या डाव्या बाजूला नेलं. खुर्च्यांच्या राखाडी फराट्यात एक वेगळा रंग मिसळला होता. वर मोहरीसारखा पिवळा, खाली हिरवा. "हे जे कोणी आहे, ते खुर्चीपाशी उभं आहे."

धैर्यशीलने तो पिवळा ओळखला. दारामागच्या खुंटीवर तो रंग टांगलेला होता. रस्ता ओलांडताना गाडीवाल्यांना लांबून दिसावी म्हणून आईसाठी त्यानेच घेतलेलं जाड जॅकेट, आणि त्या दिवशी त्याखाली पाडव्याची हिरवी साडी.

"असे सगळेच फोटो जमतात का हो?" काकांनी विचारलं.

"नाही. बरेच फुकट जातात. कधी कॅमेरा वळवायला उशीर होतो, मग उलटंच होतं. सायकलीचा फराटा आणि मागचं सगळं साफ."

"ते फुकट गेलेले आहेत?"

"डिलीट केले," धैर्यशील म्हणाला. म्हणता म्हणता त्याला स्वतःच्याच तोंडाची किळस आली.

काका खुर्चीवरून उठले. त्यांनी दारामागच्या खुंटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मी काही पोलीस नाही. मैत्रिणीने विचारलं म्हणून बघितलं. तिचं विमान उद्या दुपारी आहे आणि त्या पोराची मीटिंग परवा. तुम्हाला जे करायचं ते करा," म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

४

कार्ड कॅमेऱ्यातच होतं. त्यावर नंतर काही काढलं नव्हतं, त्यामुळे पुसलेले फोटो त्याने एका सॉफ्टवेअरने परत मिळवले.

फुकट गेलेल्या फोटोंत तो एक सापडला. कॅमेरा वळायला उशीर झाला होता. ऋग्वेदाची सायकल म्हणजे एक लांबट गुलाबी डाग. मागचं सगळं मात्र स्वच्छ: झाडं, टेबलं, उघड्या पर्सेस, गवतात पडलेली एक जॅन्डल, आणि खुर्चीवरून पिशवी काढून जॅकेटात सरकवणारी आई. तिचं तोंड कॅमेऱ्याकडेच होतं. ती घाबरलेली दिसत होती, आणि शाळेत खोडी काढणाऱ्या पोरीसारखी किंचित खूषही.

हा फोटो पुसून टाकावा, असं त्याला वाटलं. बोट त्या बटणावर गेलंही होतं. पासपोर्ट गाडीच्या सीटखाली सापडला म्हणायचं, झालं. मंडळी हसतील, विसरतील. इंद्रनीलचं बघू काहीतरी. इतकं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याची लाज त्याला पुढे कितीतरी दिवस पुरली.

आई देवासमोरून उठून दारात आली होती. कपडे धुण्याच्या मशीनवरच्या कपाटात तिचे देव होते. तिच्या हातात खणाची पिशवी होती.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "देवधर मुद्दामच मोठ्याने बोलत होते."

"का ग आई?"

प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसल्या. त्यांचे पाय जमिनीला पुरत नव्हते. "तुम्ही दोघं कामात. ऋग्वेदाला मराठी कळतं, पण ती इंग्रजीत बोलते, मग मी नुसती मान हलवते. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एक सुलेखा. ती गेली की मी कोणाशी बोलू? मला वाटलं, पासपोर्ट नसला तर आठवडाभर राहील. आठवडाच रे बाबा, असं देवाला सांगितलं. तिच्या व्हिसाचं मला काही माहीत नव्हतं रे, अगदी शपथ."

"आणि इंद्रनील? तो पळत होता ते तू बघितलं होतंस?"

"बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

आईने पिशवीची नाडी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. "मी तिथल्या तिथे काढून देणार होते. म्हणणार होते, गंमत केली. हात जॅकेटात घातलाही होता. तेवढ्यात तू कॅमेरा घेऊन आलास आणि चारचौघांत त्याचं नाव घेतलंस. त्यानंतर मी पिशवी काढली असती, तर तू खोटा पडला असतास. सगळ्यांसमोर. तुझं नाक कापायचं का मी?"

आईने चोरी केली ती एका आठवड्याच्या सोबतीसाठी. ती चोरी पुढे रेटली ती मात्र त्याच्या तोऱ्यासाठी. त्याने तोंड उघडलं नसतं तर सगळं हसण्यावारी गेलं असतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्याचा भार वाहिला एका परक्या पोराने. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

५

आधी त्याने प्राचीला फोन केला, आणि प्राचीने मॅनेजरशी बोलणं करून दिलं. दोन्ही फोटो पाठवले, कोणता काय सांगतो ते समजावून सांगितलं. मॅनेजर भली बाई होती. शुक्रवारची मीटिंग रद्द, म्हणाली. मग त्याने ग्रुपवर लिहिलं: पासपोर्ट सापडला आहे. झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर.

"वाच बघू मोठ्याने," आई म्हणाली. त्याने वाचलं. "कोणाच्या घरात सापडला ते लिही. आणि गैरसमज झालेला नाही. तू केलास."

त्याने पुसलं आणि पुन्हा लिहिलं. पासपोर्ट माझ्या आईने घेतला होता. इंद्रनील निर्दोष आहे. तो एका लहान मुलीला पडण्यापासून वाचवत होता. माझाच फोटो ते सांगत होता, आणि मी सर्वांसमोर त्याला चोर ठरवलं.

उत्तरं धडाधड येऊ लागली. हृदयं, जोडलेले हात. प्रमोदिनीकाकूंची काळजी घ्या. या वयात होतं असं. एकटेपणा फार वाईट. काकूंना रविवारी आमच्याकडे जेवायला घेऊन या. सुलेखाकाकू तर जॅकेटही न घालता चालत आल्या, मैत्रिणीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिच्या गळ्यात पडून रडल्या. धैर्यशील फोन खालीवर करत राहिला. एवढ्या सगळ्या दयेत इंद्रनीलचं नाव एकाही माणसाने घेतलं नव्हतं. शोधत होता तोच खाली एक ओळ उमटली, की इंद्रनील ग्रुपमधून बाहेर पडला आहे.

दुपारी तो आईला घेऊन ओटाहुहूला गेला. इंद्रनीलने दार उघडलं. प्रमोदिनीबाईंनी हात जोडले तसे त्याने पटकन ते धरले आणि खाली केले. "काकू, असं नका करू. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या."

"चुकलं रे माझं. मी बोलायला हवं होतं."

"प्राचीताईंचा फोन आला होता. उद्यापासून कामावर ये म्हणाल्यात."

धैर्यशील पायरीवर उभा होता. गाडीत त्याने कितीतरी वाक्यं जुळवली होती. तोंडातून आलं ते एवढंच. "मला कळायला हवं होतं, इंद्रनील. दुसऱ्या कोणाला नाही, मलाच."

इंद्रनीलने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या नजरेत राग दिसला असता तर बरं झालं असतं.

"ग्रुपवर वाचलं मी, दादा. काकूंनी घेतला, तर सगळे म्हणाले, एकट्या पडल्या असतील बिचाऱ्या. बरोबरच आहे. पण मीही इथे एकटाच राहतो. माझ्याबद्दल तसं कोणालाच वाटलं नाही."

धैर्यशील आईला वाट द्यायला बाजूला सरला.

"काकू, आत या," इंद्रनील म्हणाला. "चहा टाकतो. आलं घातलेलं चालतं ना?"

प्रमोदिनीबाई आत गेल्या. दार उघडंच होतं. आतून पातेल्याचा आवाज आला, मग आईचा, गावाकडच्या कुठल्याशा गोष्टीत रंगलेला. धैर्यशील पायरीवरच उभा राहिला. ये म्हणून त्याला कोणी म्हणालं नाही, आणि आपण होऊन आत जायची त्याची हिंमत झाली नाही.